दोन भोवऱ्यांचं डोकं

६ मार्च

ताई,

काल सकाळी मी रस्ता ओलांडला. पन्नाशीला आलेला माणूस रस्ता ओलांडल्याचं पत्राने कळवतो म्हणून तू हसशील. पण माझ्या दुकानासमोरचा रस्ता तुला ठाऊक आहे. अलीकडे वरची टोळी, पलीकडे खालची, आणि मधला डांबराचा पट्टा कुणाचाच नाही. दुकान कोपऱ्यावर, दोन दारांचं. वरची पोरं या दाराने यायची, खालची त्या दाराने, आणि केस कापायला एकाच खुर्चीत बसायची. आत कुणी कुणावर हात उचलायचा नाही, हा नियम मी केलेला नव्हता, तो आपोआप झाला होता. गळ्याशी वस्तरा असला की माणसाला भांडण सुचत नाही. मी मात्र समोर कधी गेलो नाही. ‘तिकडे कशाला गेला होतास?’ या प्रश्नाला इथे बरोबर उत्तरच नसायचं.

परवा पहाटे लष्कराच्या गाड्या आल्या. उजाडेपर्यंत दोन्ही टोळ्या उचलून नेल्या होत्या. काल मी देवाचं नाव घेऊन दार उघडलं, तर कोपऱ्यावर शिट्टी नाही, छपरावर पहारा नाही. बादलीतलं पाणी बाहेर फेकलं तर त्याचा आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत आला. झाडू हातात तसाच होता. पाय उचलला आणि चालू लागलो. मधोमध थांबलो. काही झालं नाही. पुढे जाऊन समोरच्या भिंतीला हात लावला. साधी भिंत, उन्हाने कोमट झालेली. तिथल्या घरातून एक म्हातारी बाहेर आली.

“काय पाहिजे?”

“काही नाही. शेजारी आहे.”

“मग इतकी वर्षं कुठे होता?”

“समोरच.”

आम्ही दोघंही हसत सुटलो. तिच्या दाराशी उभा राहून मी माझं दुकान पहिल्यांदा समोरून पाहिलं. पाटी वाकडी आहे गं, आणि मला कुणी सांगितलं नाही!

ताई, एका पहाटेत एवढी माणसं उचलणारी ताकद केवढी असेल? सरकारचं हे बळ पाहून मला देव आठवला, आणि लगेच भीती वाटली. देवाची आठवण अशी दुसऱ्या कुणामुळे व्हायला नको.

आता मुख्य गोष्ट. संध्याकाळी एक साहेब आले होते. धरलेल्यांमध्ये पाठमोरा आहे अशी त्यांना खबर आहे, पण कोणता ते कुणी सांगत नाही. वरच्या टोळीच्या त्या म्होरक्याचं तोंड कुणीच पाहिलेलं नाही, म्हणून तर हे नाव पडलं. माझ्याकडे यायचा तेव्हाही आधी त्याची माणसं आरशावर चादर टाकायची, खुर्ची दाराकडे फिरवायची, आणि मग मी मागून आत यायचं. मला दिसायची ती फक्त त्याची पाठ. पण त्याच्या डोक्यावरचे दोन भोवरे, एक उजवा नि एक डावा, मला माझ्या तळहातासारखे पाठ आहेत. साहेब म्हणतात, पुढच्या आठवड्यात मैदानावर ये आणि दाखव.

जावं की नको?

तुझा धाकटा


१० मार्च

धाकट्या,

जावं की नको म्हणून विचारतोस? भाजी आणू की नको असं विचारल्यासारखं!

तुला सगळं माहीत आहे, तरी परत लिहिते, म्हणजे जाताना खिशात ठेवशील. ह्यांची बस त्या रस्त्यावरून जायची. खालच्या थांब्यावर बस थांबवायची नाही, असा पाठमोऱ्याचा निरोप आला होता. हे थांबले. का, तर एक म्हातारं माणूस काठी उंचावून उभं होतं. दुसऱ्या दिवशी बस आगारात आली, चालक आला नाही. मी गावी परत आले, घर लावलं, माणसांत बसते-उठते, हसतेसुद्धा. पण अजून कूस बदलली की घड्याळाकडे बघते, ह्यांची यायची वेळ झाली का म्हणून.

तो तुझ्या खुर्चीत बसतो हे कळलं तेव्हा मी वर्षभर तुझ्याशी अबोला धरला होता. तू म्हणायचास, ‘ताई, वस्तरा हातात असून मी काय करणार?’ काही नाही. आताही वस्तऱ्याचं काम नाही, बोट पुरे.

दोन भोवरेवाल्याची दोन लग्नं होतात म्हणे. त्याची दोन्ही तुरुंगाशीच लागू देत.

आणि ती पाटी सरळ कर.

ताई


१६ मार्च

ताई,

काम झालं.

मैदानावर माणसं ओळीने बसवली होती. गुडघे छातीशी, हात पाठीमागे बांधलेले, मान खाली. पुढचा माणूस मागच्याच्या मांडीत बसल्यासारखा, इतकी दाटी. या टोकाला उभं राहिलं तर त्या टोकाची माणसं खड्यांएवढी दिसत होती. ऊन रणरणत होतं आणि कुणी हूं की चूं करत नव्हतं. ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने गल्लीतल्या खिडक्या बंद व्हायच्या, ती ही माणसं. मला शेतातली आडवी झालेली कणसं आठवली.

साहेब म्हणाले, “मागून चालत जा. बोलायचं नाही, कुणाला हात लावायचा नाही. दिसला की थांबायचं.”

मी चालत गेलो. कितीतरी डोकी माझ्या हाताखालची. एकाच्या मानेवर गेल्या महिन्यात राहिलेला माझाच तिरपा कट दिसला, आणि इतक्या भीतीतही मला त्याची लाज वाटली. मग एका रांगेत ते दिसलं. दोन भोवरे, शेजारी शेजारी, एक उजवा आणि एक डावा. मी थांबलो.

“हा?” साहेबांनी विचारलं.

मला दाजी आठवले. बसच्या खिडकीतून ते मला हात करायचे तो आठवला. मी बोट केलं. म्हणालो, “हा.”

चार सैनिकांनी त्याला उचललं. त्याने मान वर केली नाही. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली ती अजून तिथेच आहे असं वाटतं.

तुझं पत्र खिशात होतं.

तुझा धाकटा


२१ मार्च

धाकट्या,

रेडिओवर सांगितलं, म्होरक्या सापडला. कुणी ओळखला ते सांगितलं नाही, पण मी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं, “माझ्या भावाने!” शेजारीण म्हणाली, हळू बोल, वेड लागलंय का तुला. लागलंय म्हटलं.

काल रात्री मी झोपले. झोप लागली असं नाही, झोपलेच. सकाळी ऊन तोंडावर आलं तेव्हा जाग आली. घड्याळाकडे बघायचं राहूनच गेलं.

तुला बारक्या म्हणून, भित्रा म्हणून जे जे चिडवलं ते सगळं परत घेते. थोडं ठेवते, सवय आहे म्हणून.

ताई


१८ एप्रिल

ताई,

उशीर झाला. मला नवं काम लागलं आहे. ज्यांना धरलं त्यांच्यासाठी शहराबाहेर जो मोठा तुरुंग बांधला आहे, तिथे डोकी साफ करायला आम्हा काही कारागिरांना नेतात. मी ओळख पटवली, म्हणून माझ्यावर भरवसा.

ते छप्पर किती मोठं आहे हे तुला कसं सांगू? आपल्या गावचं सगळं शिवार त्याखाली मावेल आणि वर नदीला जागा राहील. आतला उजेड कधी विझत नाही. गजांमागे लोखंडी फळ्यांचे मजले, आणि प्रत्येक फळीवर माणसं मांडून ठेवल्यासारखी बसलेली. हजारो माणसं आणि शांतता. एखादा खोकला तर तो खोकला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत जातो. मी पहिल्या दिवशी दाराशीच थबकलो. शिपाई म्हणाला, “काय, देऊळ पाहिलं का?” माझ्याही मनात तसंच काहीसं आलं होतं.

एकेक जण समोर आणून बसवतात. मी मशीन फिरवतो. आयुष्यभर हेच केलं, पण दुकानात केस राखायचे असतात, इथे काहीच राखायचं नाही. केस गेले की भोवरा उघडा पडतो. ताई, कधी नीट पाहिला आहेस? घडवणाऱ्याने माणूस पुरा केल्यावर शेवटी अंगठा टेकवून जरा फिरवावा, तशी खूण. एकासारखी दुसरी नाही. काहींनी तर कवटीवर टोळीची चिन्हं गोंदून घेतली आहेत, वाघ, हाडं, शिव्या. त्या सगळ्यांच्या मधे तो भोवरा तसाच कोवळा, तान्ह्या पोराचा असावा तसा. मी शोधून पाहिलं, पण खुन्याला वेगळा भोवरा दिलेला नाही. शिपायाने टोपी काढली तेव्हा त्याचाही पाहिला. तसाच. दिवसभर मी तेच पाहत होतो आणि मला काम करतोय असं वाटतच नव्हतं, कुणाच्या तरी घरात न विचारता शिरलोय असं वाटत होतं.

दुपारनंतर एक रांग आली. तिच्यात

हात दुखतोय. इथेच थांबतो. तब्येत ठीक आहे, काळजी करू नकोस.

तुझा धाकटा


२५ एप्रिल

धाकट्या,

भोवऱ्यांवर एवढं लिहिलंस की इथे सगळे आता एकमेकांची डोकी तपासत बसलेत. पाठमोरा कुठे आहे तुझ्या पत्रात? तो त्याच तुरुंगात असणार. तुझ्या हाताखालून गेला असेल ना? समोरून कसा दिसतो रे? मला एवढंच सांग. इतकी वर्षं मी त्याला माझ्या मनाने नाक-डोळे देत आले आहे.

आणि शेवटच्या चार ओळींत तुझं अक्षर बदललंय. गुरुजींनी छडी मारली की असंच व्हायचं तुझं, ओळ खाली घसरायची आणि वर म्हणायचास, लागलं नाही. तुला कुणी धमकी दिली का? टोळीचं कुणी बाहेर राहिलंय का? तसं असेल तर दुकानाला कुलूप घाल आणि पहिल्या गाडीने इकडे ये. इथे पण लोकांना केस आहेत.

ताई


४ मे

ताई,

धमकी कुणी दिली नाही. दिली असती तर बरं होतं.

त्या रांगेत मी दाखवलेला माणूस होता. समोरून कसा दिसतो ते तू विचारणारच हे ठाऊक होतं, म्हणून मी आधी त्याच्याकडे पाहिलं. थकलेला चेहरा, पस्तिशीचा, डोळ्यांखाली काळं. मग मागे जाऊन डाव्या हाताने डोकं धरलं, नेहमीसारखं. आणि माझी बोटं थांबली.

पाठमोऱ्याच्या कवटीला, भोवऱ्यांच्या खाली, मानेच्या वर, एक खळगा होता. बोटाचं पेर बसेल एवढा. केसांत दिसायचा नाही, पण कंगवा तिथे बुडायचा, आणि माझा हात तिथे आला की आपसूक हलका व्हायचा. या डोक्यावर खळगा नव्हता. मी परत चाचपलं. सगळीकडे गुळगुळीत, भरीव हाड.

मैदानावर हात लावू दिला नव्हता. मी नजरेने ओळखलं. एरवी मी हाताने ओळखणारा माणूस. शिवाय मनात पक्कं होतं की या भागात दोन भोवऱ्यांचं दुसरं डोकं असतं तर ते माझ्या खुर्चीत येऊन गेलंच असतं. कोपऱ्यावर दुकान टाकलं म्हणजे सगळ्या जगाची डोकी आपल्याकडेच येतात, असं वाटण्याइतका मी शहाणा.

मशीनच्या घरघरीत तो हळूच म्हणाला, “काका, कानामागे जरा जपून. तिथे मला सवय नाही.”

मी विचारलं, “कुठे कापायचास?”

“घरीच. आई शिवणकाम करते, तीच कापते. वस्तरा पाहिला की मला घेरी येते.”

तो शिवणयंत्रं दुरुस्त करतो, म्हणून त्याला दोन्हीकडे जाऊ द्यायचे. त्या पहाटे वरच्या गल्लीतल्या एका घरी होता. आदल्या रात्री यंत्र उघडलं, एक भाग मिळेना, म्हणून तिथेच मुक्काम. उचलताना कुणी ऐकून घेतलं नाही.

“इथे मला पाठमोरा म्हणतात,” तो म्हणाला. “आधी सांगत होतो की मी नाही. आता नाही सांगत. ज्याने मला दाखवलं त्याची काहीतरी चूक झाली असेल, नाही का काका? मुद्दाम कोण करेल असं?”

ताई, त्याचं डोकं माझ्या हातात होतं आणि तो माझ्या वतीने बोलत होता. त्याला माहीत नव्हतं मी कोण. मी एवढा मोठा तुरुंग पाहिला, लष्कर पाहिलं, पण त्या एका वाक्यासमोर मी जसा लहान झालो तसा कशासमोर झालो नाही. शिपाई ओरडला, “गप रे!” पुढचा माणूस येऊन बसला. मी त्याचे केस कापले.

साहेबांकडे गेलो तर पहिला प्रश्न, मग खरा कुठे आहे? तो मला माहीत नाही. दुसरा, आत्ताच का बोलतोस? नव्या कायद्यात टोळीला पाठीशी घालणाऱ्यालाही तेच गज. आणि तिसरी गोष्ट साहेब विचारणार नाहीत, ती मीच स्वतःला विचारतो. तू आत्ता कुठे झोपायला लागली आहेस.

तू सांग. काय करू?

तुझा धाकटा


२ जून

धाकट्या,

महिनाभर लिहिलं नाही. आधी तुला शिव्या दिल्या. मग ह्यांना दिल्या, त्या म्हाताऱ्यासाठी बस कशाला थांबवली म्हणून. मग देवाला दिल्या. त्याने बिचाऱ्याने ऐकून घेतल्या, तुझ्यासारखं उलट पत्र नाही लिहिलं.

मग ठरवलं, तुला लिहायचं की गप्प बस. कुणीतरी आत आहे ना? कुणी का असेना. मला झोप येते. कागद घेऊन बसले. ‘गप्प बस’ एवढं लिहिलं आणि पुढे लिहिता येईना, कारण ती शिवणकाम करणारी बाई, त्याची आई, मधे येऊन बसली. तिला मी पाहिलेलं नाही, पण तिला नाक-डोळे द्यायला मला वेळ लागला नाही. ती घड्याळाकडे बघते. ते कसं बघायचं हे मला कुणी शिकवायला नको. रात्री आम्ही दोघी बघत बसतो.

आता एक गोष्ट कान उघडून ऐक. तू ‘काय करू’ म्हणून विचारतोस ते मी ‘नको’ म्हणावं म्हणून. लहानपणी विहिरीच्या काठावर उभा राहून ओरडायचास, “ताई, मारू का उडी?” मी नको म्हटलं की पोरांना सांगायचास, ताईने सोडलं नाही, नाहीतर मारलीच असती. या वेळी मी नको म्हणणार नाही आणि हो पण म्हणणार नाही. काठावर तू एकटा आहेस.

फक्त माझी झोप मधे घालू नकोस. ती माझी आहे. तिचं मी बघेन.

ताई


९ जून

ताई,

तुझं पत्र वाचलं आणि त्याच संध्याकाळी त्या बाईंचं घर शोधत गेलो. खालच्या बसथांब्यामागे एक खोली. त्या शिवणयंत्रापुढे बसल्या होत्या. मी दारातच सांगितलं, “तुमच्या मुलाकडे बोट मी केलं. मी चुकलो. उद्या जाऊन तसं सांगणार आहे.”

त्यांचा पाय पायट्यावर थांबला. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. मी काहीही ऐकून घ्यायच्या तयारीने उभा होतो. मग त्या म्हणाल्या, “लवकर जा. तिथे फार रांग असते.”

एवढंच.

सकाळी लवकर तुरुंगातल्या साहेबांच्या कचेरीत गेलो. साहेबांनी ओळखलं, खुर्ची दिली. मी सांगितल्यावर त्यांनी दार लावून घेतलं.

“कुणी धमकावलं?”

“नाही.”

“कुणी काही देऊ केलं?”

“नाही.”

“मग तुला झालंय तरी काय?”

“डोक्याला हात लागला, साहेब.” आणि खळग्याचं सगळं सांगितलं.

ते वैतागले. “हा नाही, तर पाठमोरा आहे कुठे?”

“माहीत नाही. आत असेल तर कधीतरी माझ्या हाताखाली येईल. बाहेर असेल तर दुकानात येईल.”

“आणि आला तर तुला सोडेल तो?”

ते खिडकीशी गेले, परत आले. आवाज खाली आणून म्हणाले, “हे बघ, तू भला माणूस आहेस. घरी जा. हे कागदावर आलं की तू साक्षीदार राहत नाहीस, संशयित होतोस. चौकशी होईपर्यंत तुलाही आत ठेवावं लागेल. कळतंय का?”

“कळतंय.”

“भीती नाही वाटत?”

“वाटते ना, साहेब. पाय बघा माझे.”

त्यांनी खरंच खाली वाकून पाहिलं. मग कारकुनाला हाक मारली, आणि मला न्यायाधीश बाईंच्या खोलीत नेलं. तिकडे जाताना तुरुंगाचा लांबच लांब सज्जा लागतो, जिथून सगळी फळ्यांची रांग दिसते. ते छप्पर, ते गज, तो न विझणारा उजेड, एवढे सैनिक, एवढे किल्ल्यांचे जुडगे. पहिल्या दिवशी मी त्यापुढे थबकलो होतो. आज चालता चालता लक्षात आलं की त्यातल्या एका माणसापुरता हा सगळा डोंगर माझ्या एका बोटावर उभा होता. देवाने आपल्यासारख्याच्या हातात केवढं वजन ठेवलं आहे, आणि आपण त्याच हाताने दिवसभर साबणाचा फेस करतो.

बाईंनी चष्म्यातून पाहिलं आणि म्हणाल्या, “सांगा.” मी सांगितलं. त्यांनी मधे एकदाच थांबवलं. “‘मला वाटतं’ असं लिहायचं की ‘मला खात्री आहे’ असं?”

“खात्री,” मी म्हटलं.

आता मी बाहेरच्या बाकावर आहे. शेजारी शिपाई बसवला आहे. पत्र टपालात टाकतो म्हणाला. त्या मुलाच्या सुटकेचं साहेब पाहणार आहेत. कधी ते सांगितलं नाही, माझंही काही सांगितलं नाही. दुकानाची किल्ली समोरच्या म्हातारीकडे आहे. बाकी कळवेन, कळवता आलं तर.

एक मात्र झालं आहे, ते आधी लिहायला हवं होतं. कारकुनाने जबाब माझ्यापुढे सरकवला तेव्हा बाई म्हणाल्या, “वाचून दाखवा.” मी उभा राहिलो, आणि त्या खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं: मी दाखवलेला माणूस पाठमोरा नाही, चूक माझी आहे. मग खाली माझं पूर्ण नाव लिहिलं आणि सही केली.

धाकटा